दहा हजारांचे भांडवल आणि तीन लाख माणसे



आजची कार्यक्रमपत्रिका वाचून काही मंडळींनी आम्हांला वाटेतच गाठले आणि विचारले, "सॉफ्टवेअरचा धंदा कसा उभारावा आणि कसा वाढवावा, हे सांगायला चालकांना कामगार संघटनेचाच माणूस सापडला काय?" प्रश्न रास्त आहे. धंदा पाहण्याच्या तऱ्हा अनेक असतात. मालक तो वरून पाहतो, सावकार चोपडीतून पाहतो. आम्ही मंडळी तोच धंदा पगारपत्रकावरून पाहतो. आणि सॉफ्टवेअरच्या धंद्याचे असे आहे, की त्यातले पगारपत्रक वाचता आले म्हणजे निम्म्याहून अधिक धंदा समजला. कारण त्या धंद्यात येणाऱ्या रुपयातले निम्म्याहून अधिक पैसे पगारातच जातात. तेथे कापूस नाही, कोळसा नाही, बॉयलर नाही. आहे तो माणूस आणि त्याचे डोके. तेव्हा आमचा अधिकार अगदीच शून्य नाही, असे समजून आपण तासभर ऐकून घ्यावे.

आम्ही एकच उदाहरण घेऊन बोलणार आहोत, आणि ते आपल्या पुण्यात जन्मलेले आहे. २ जुलै १९८१ रोजी पुण्यात 'इन्फोसिस' नावाची एक लहानशी कंपनी नोंदली गेली. पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स ह्या कंपनीतून बाहेर पडलेले सात अभियंते, त्यांचे म्होरके एन. आर. नारायण मूर्ती, आणि भांडवल दहा हजार रुपये. तेही मूर्तींच्या पत्नी सुधाताई यांनी आपल्या शिलकीतून काढून दिलेले. आज त्या कंपनीच्या हजेरीपटावर तीन लाखांहून अधिक माणसे आहेत. ह्या गोष्टीला सहा महिने होत आहेत न होत आहेत तोच, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईच्या गिरणगावातला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले पुष्कळ पुन्हा आत गेलेच नाहीत. एका बाजूला अडीच लाखांचा धंदा मावळत होता आणि दुसऱ्या बाजूला सात माणसांचा धंदा उगवत होता. दोन्ही एकाच महाराष्ट्रात, एका वर्षाच्या आत. आम्हांला हा विषय महत्त्वाचा वाटतो तो ह्यासाठी.

प्रथम हे पाहू, की हा धंदा काय विकतो. संगणक हे यंत्र मुके असते. त्याला कोणते काम कोणत्या क्रमाने करावयाचे हे लिहून द्यावे लागते. ते लिहिणे म्हणजे सॉफ्टवेअर. बँकेतले व्याज कसे आकारावे, विमानातली जागा कशी राखावी, कारखान्याचे पगार कसे काढावेत, हे सारे कोणीतरी बसून ओळीओळीने लिहिलेले असते. हा माल एकदा लिहून हजारदा विकता येतो. त्याला तयार माल म्हणतात. दुसरी तऱ्हा म्हणजे गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे लिहून द्यावयाचा आणि लिहिणाऱ्याच्या दिवसांचे पैसे घ्यावयाचे. तयार कपड्यांचे दुकान आणि शिंप्याचे दुकान ह्यांत जो फरक, तोच येथे. भारतातला हा धंदा मोठा झाला तो मुख्यतः शिंप्याच्या तऱ्हेने.

ही वाट इन्फोसिसने पाडलेली नाही. १९६८ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस स्थापन झाली. पुढल्या वर्षी टाटांच्या वीज कंपनीतून फकीरचंद कोहली तेथे आले, आणि १९७४ साली बरोज ह्या अमेरिकन कंपनीचे काम भारतात बसून करून देण्यास त्यांनी आरंभ केला. पेशावरात जन्मलेले हे गृहस्थ ह्या धंद्याचे खरे आद्य पुरुष. नोव्हेंबर २०२० मध्ये वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी ते वारले. मग १९७८ साली आणखी एक घटना झाली. परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे आपली मालकी कमी करण्याचे नाकारून आय.बी.एम. ही बलाढ्य कंपनी भारतातून निघून गेली. पुष्कळांना वाटले, आता संगणक बंद पडणार. झाले वेगळेच. एकाच मालकाच्या यंत्राची सवय सुटली आणि आपल्या मुलांना नाना तऱ्हेच्या यंत्रांवर काम करणे भाग पडले. परदेशी गिऱ्हाइकाला नेमकी अशीच माणसे हवी होती.

आता पुन्हा आपल्या सात जणांकडे येऊ. त्यांच्यापाशी संगणक नव्हता. धंदा सॉफ्टवेअरचा आणि घरात यंत्र नाही, म्हणजे शिंप्याचे दुकान आणि शिलाईयंत्र नाही अशातला प्रकार. संगणक आयात करावयाचा तर परवाना, परवान्यासाठी दिल्लीच्या खेपांवर खेपा. साध्या दूरध्वनीसाठीही वर्षवर्ष वाट पाहावी लागे. मग त्यांनी काय केले? त्यांचे पहिले गिऱ्हाईक न्यूयॉर्कची डेटा बेसिक्स कॉर्पोरेशन. त्यांच्यातली बहुतेक माणसे अमेरिकेत गेली आणि गिऱ्हाइकाच्या जागेत, गिऱ्हाइकाच्या यंत्रावर काम करू लागली. ह्याला त्या धंद्यात माणसे पुरविणे म्हणतात, आणि ती काही मोठी अभिमानाची गोष्ट समजली जात नाही. पण पहिला पैसा त्यातूनच आला. १९८३ साली बंगळूरच्या मायको कंपनीचे काम मिळाले तेव्हा बिऱ्हाड तिकडे हलले. पुण्याचे रोप बंगळूरला लागले ते एका गिऱ्हाइकापायी. धंदा गिऱ्हाइकाच्या मागे जातो, गावाच्या अभिमानामागे जात नाही, हे आपण पुणेकरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्यांची पहिली दहा वर्षे आज कोणी सांगत नाही, कारण त्यांत चमकदार असे काही नाही. १९८९ साली एका अमेरिकन सल्लागार कंपनीशी असलेली भागीदारी मोडली आणि सातांतला एक भागीदार बाहेर पडला. १९९० साली दहा लाख डॉलरला सारी कंपनी विकत घेण्याचा प्रस्ताव आला. उरलेल्यांपैकी काहींचे मन डळमळले होते. मूर्तींनी उलट सांगितले, की ज्यांना जावयाचे असेल त्यांचे भाग आपण विकत घेऊ. मग कोणीच गेले नाही. आपल्याकडे उद्योगाच्या कथा सांगताना आरंभीचे दहा हजार आणि शेवटचे अब्ज एवढेच सांगतात. मधली दहा वर्षे गाळली म्हणजे ऐकणाऱ्या तरुणाला वाटते, की हे काम दोन वर्षांचे आहे.

१९९१ साल उजाडले आणि दारे उघडली. आयातीची बंधने सैल झाली, परदेशी जाण्यायेण्यासाठी आणि तेथे कचेऱ्या काढण्यासाठी चलन मिळू लागले. सरकारने सॉफ्टवेअरची उद्याने उभारली. पहिल्या उद्यानांत पुण्याचा समावेश होता. तेथून उपग्रहाच्या तारेने काम थेट परदेशी धाडता येऊ लागले. निर्यातीच्या नफ्यावर वर्षानुवर्षे आयकराची सूट मिळाली. आणि माणसे? ती कोठून आली? सरकारी खर्चाने चाललेल्या आय.आय.टी. आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतून आली. महाराष्ट्रात १९८३ साली वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदान महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हापासून शेतकऱ्याने जमिनीचा तुकडा विकून भरलेल्या फीमधून आली. तेव्हा दहा हजार रुपये हे भांडवल खरेच. पण त्याच्या खाली जनतेच्या कराचे आणि आईबापांच्या घामाचे जे भांडवल होते ते कोणत्याही ताळेबंदात लिहिलेले नाही. ज्यांनी धंदा उभारला त्यांचे श्रेय आम्ही तिळमात्र कमी करीत नाही. सात माणसांचे कर्तृत्व आणि देशाची पुंजी अशा दोन चाकांवर हा गाडा चालला, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता ह्या धंद्याचे गणित पाहू. समजा, एका कंपनीत शंभर माणसे आहेत. प्रत्येकाचा महिन्याचा खर्च एक लाख, म्हणजे पगाराचे शंभर लाख. जागा, वीज, यंत्रे, प्रवास ह्यांचे आणखी तीस लाख. एकूण खर्च एकशे तीस लाख. गिऱ्हाईक दर माणसामागे दोन लाख देते, पण प्रत्यक्ष कामावर असलेल्याचेच देते. ऐंशी माणसे कामावर असली तर एकशे साठ लाख येतात, आणि तीस लाख नफा उरतो. आता वीस माणसांचे काम थांबले आणि कामावर साठच उरली, की येणार एकशे वीस लाख. नफ्याच्या जागी दहा लाखांचा तोटा! वीस माणसे रिकामी बसली की दुकानाचा रंग असा पालटतो. म्हणून ह्या धंद्यात जो रिकामा असतो त्याला बाकावरचा माणूस म्हणतात, आणि त्याच्यावर व्यवस्थापकाची नजर घारीसारखी असते. आमच्या गिरणीत बदली कामगार असे. तो पहाटे दरवाजाशी उभा राही, काम मिळाले तर पगार, नाहीतर परत घरी. बाकावरच्या माणसाला निदान पगार मिळतो. हा फरक मोठा आहे, आणि तो टिकविण्यासारखा आहे.

दुसरे गणित थरांचे. दहीहंडीचा मनोरा आपण सर्वांनी पाहिला आहे. खाली पुष्कळ, वर थोडे. ह्या कंपन्याही तशाच रचलेल्या असतात. खालच्या थरात नुकतीच महाविद्यालयातून आलेली मुले, मध्ये चारआठ वर्षांचे अनुभवी, वर थोडे जाणते. मात्र दहीहंडीत बळकट गडी खाली असतात, येथे कोवळी पोरे खाली असतात. दर वर्षी जुन्यांचा पगार वाढतो. तेव्हा सरासरी खर्च आवरण्यासाठी दर वर्षी खाली नवा थर भरावा लागतो. उत्पन्न वाढले की माणसे वाढली, आणि माणसे वाढवीत राहिल्याशिवाय उत्पन्न वाढेना, असे हे चक्र तीस वर्षे चालले. त्यामुळेच शिकविणे हा ह्या धंद्याचा कणा ठरला. इन्फोसिसने म्हैसूरला जे प्रशिक्षण केंद्र उभारले ते एखाद्या विद्यापीठाएवढे आहे.

मग इन्फोसिस इतरांहून पुढे का गेली? आम्हांला चार कारणे दिसतात.

पहिले, एका गिऱ्हाइकावर विसंबणे तिने सोडले. १९९५ साली जनरल इलेक्ट्रिक ह्या अमेरिकन कंपनीकडून तिचे सुमारे चौथाई उत्पन्न येत होते. त्या गिऱ्हाइकाने दर खाली पाडण्याचा आग्रह धरला, तेव्हा इन्फोसिसने ते काम सोडले. चौथा हिस्सा सोडणे सोपे नव्हे! पण त्या दराने काम केले असते तर चांगली माणसे देता आली नसती, आणि एकदा दर पडला की तो सर्वांना कळतो. ह्यापुढे कोणत्याही एकाच गिऱ्हाइकाच्या मुठीत जावयाचे नाही, हा धडा तिने घेतला.

दुसरे, कामाची रीत लिहून काढली. एका हुशार माणसाच्या डोक्यात असलेले ज्ञान त्याच्याबरोबर निघून जाते. कागदावर उतरलेली रीत कंपनीत राहते. सॉफ्टवेअरच्या कार्यपद्धतीची पारख करणारी एक अमेरिकन श्रेणी आहे. तिची सर्वांत वरची, पाचवी पायरी इन्फोसिसने १९९९ साली गाठली. परक्या देशातल्या गिऱ्हाइकाला, न पाहिलेल्या माणसांवर विश्वास ठेवण्यास हा आधार झाला. त्याच सुमारास सन २००० च्या तारखेची अडचण जगभर उभी राहिली. जुन्या प्रोग्रामांत सालाचे दोनच आकडे लिहिलेले होते. ते दुरुस्त करण्यास हजारो हात हवे होते, आणि रीत ठरलेली असल्यामुळे भारतीय कंपन्यांपाशी ते तयार होते.

तिसरे, हिशेब उघडा ठेवला. १९९३ साली भागविक्री झाली, पंच्याण्णव रुपयांना एक भाग. लोकांनी तो पुरता उचललादेखील नाही. मॉर्गन स्टॅन्ले ह्या संस्थेने तेरा टक्के घेतले म्हणून निभावले. १९९९ च्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंदली गेलेली ती पहिली भारतीय कंपनी ठरली. घरच्या वाईट बातम्याही स्वतः होऊन सांगावयाच्या, हे धोरण तिला फळले.

चौथे कारण आमच्या दृष्टीने सर्वांत मोठे आहे. १९९४ पासून तिने आपल्या कर्मचाऱ्यांना कंपनीचे भाग देण्यास आरंभ केला. त्यांतून नोकरीवर असलेली कितीतरी साधी माणसे धनवान झाली. मूर्ती अनेकदा सांगत, की आमची मालमत्ता रोज संध्याकाळी दरवाजातून घरी जाते, आणि ती दुसऱ्या दिवशी परत यावी हे पाहणे आमचे काम आहे. साचा रात्री गिरणीतच राहतो. प्रोग्राम लिहिणारा घरी जातो. तो रुसून दुसरीकडे गेला तर मालकाने कुलूप कशाला लावावयाचे? वाटा देणे हा तेथे दानधर्म नव्हता, तो धंद्याचा हिशेब होता. आमच्या संघटना शंभर वर्षे जे सांगत आल्या, ते ह्या धंद्याने स्वतःच्या स्वार्थासाठी काही काळ मान्य केले.

'काही काळ' हा शब्द आम्ही जाणून वापरला. कारण तोटी वर उघडी राहिली तरी खाली पाणी पोहोचेनासे झाले. मोठ्या कंपन्यांत नव्या अभियंत्याचा आरंभीचा पगार वर्षाला तीनसाडेतीन लाखांच्या आसपास दहा वर्षांहून अधिक काळ घोटाळत राहिला. त्या अवधीत घरभाडे किती वाढले, डाळ किती वाढली, हे येथे बसलेल्या भगिनींना आम्ही सांगावयास नको. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतः मूर्तींनी तरुणांना सांगितले, की आठवड्याला सत्तर तास काम करा. आम्ही त्यांच्याविषयी आदर बाळगून कागद-पेन्सिल घेतली. सहा दिवसांत सत्तर तास म्हणजे दिवसाला अकरा तास चाळीस मिनिटे. १९२२ च्या कारखाने कायद्याने आठवड्याचे साठ तास ठरविले. १९३४ साली ते चोपन्न झाले. १९४६ साली अठ्ठेचाळीस. म्हणजे इंग्रज सरकारने शंभर वर्षांपूर्वी गिरणी कामगाराला जेवढी मर्यादा दिली तिच्याही पलीकडे ह्या मुलांनी जावे! सात संस्थापकांनी सत्तर तास काम केले असेल, आम्हांला ते खरे वाटते. पण ते मालक होते. त्यांच्या सत्तराव्या तासाचे फळ त्यांच्याच घरी गेले. तीन लाखांतल्या शेवटच्या माणसाच्या सत्तराव्या तासाचे फळ कोणाच्या घरी जाणार, हे आधी ठरू द्या, मग तासांचे बोलू. ज्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली, तेथल्या माणसांना हे विचारण्याचा हक्क आहे.

आमच्या कचेरीत अलीकडे जी मुले येतात ती सदऱ्याच्या खिशात ओळखपत्र लपवून येतात. मध्यंतरी एक आला. एका खोलीत बसवून त्याला सांगितले होते, की राजीनामा लिहून द्या, नाहीतर पुढची नोकरी मिळणार नाही असा शेरा मारू. त्याने सही करून दिली. त्याला काढून टाकल्याचा एकही कागद त्या कंपनीत नाही. 'स्वखुशीने गेला' अशी नोंद आहे. आम्ही त्याला विचारले, "अरे, तू कायद्याने कामगार आहेस हे तुला ठाऊक आहे काय?" तो हसला. म्हणाला, "साहेब, मी इंजिनियर आहे." आता पाहा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराच्या व्याख्येत 'तांत्रिक' काम स्पष्ट लिहिलेले होते, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आहे. पण गळ्यातल्या पट्ट्याने माणसाला स्वतःचे नाव विसरावयास लावले आहे.

आणि आता वेळ कठीण येत आहे. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीने आपली सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले. दुसऱ्या बाजूस, प्रोग्राम लिहू शकणारी यंत्रे आली आहेत. ती सर्वांत आधी कोणाचे काम घेतात? साध्या चाचण्या, साध्या दुरुस्त्या, म्हणजे नेमका खालच्या थराचा. थर खालून निघाला तर मनोरा कसा उभा राहणार? आज शिकाऊ घेतला नाही, तर दहा वर्षांनी जाणता कोठून आणणार? हा प्रश्न जितका कामगाराचा तितकाच मालकाचा आहे.

यंत्र आले की चळवळीने काय करावे, ह्याला आपल्या देशात इतिहास आहे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध लढा दिला. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी आणि बँकांनी एकत्र बसून करार केला, आणि यंत्रे किती व कोठे आणावयाची ह्यावर बंधने घालून घेतली. यंत्र आलेच, पण ते विचारून आले, पायरीपायरीने आले. पुढे त्याच बँकांतून इन्फोसिसचे फिनॅकल चालू लागले. विचारून आलेले यंत्र आणि रात्रीत लादलेले यंत्र ह्यांत कामगाराच्या घरी चूल पेटण्याइतका फरक असतो. सॉफ्टवेअरच्या कामगारांनीही हेच मागितले पाहिजे: यंत्र आणा, पण आमच्याशी बसून आणा, नवे काम शिकविण्याचा वेळ आणि खर्च आधी ठरवा.

शेवटी, येथे जमलेल्या तरुणांपैकी ज्यांना स्वतःचा असा धंदा काढावयाचा असेल त्यांना दोन शब्द. मोठे शहर आणि सावकाराचे भांडवल ह्यांवाचून अडत नाही. श्रीधर वेंबू आणि त्यांच्या साथीदारांनी १९९६ साली जी कंपनी काढली आणि जी पुढे झोहो म्हणून ओळखली गेली, तिने बाहेरचे भांडवल घेतले नाही. तामिळनाडूत तेनकाशीसारख्या आडगावी कचेरी काढली, आणि महाविद्यालयात न गेलेल्या मुलांनाही शाळा काढून तयार केले. तिने शिंप्याची तऱ्हा सोडून तयार मालाची तऱ्हा धरली. तेव्हा साताऱ्याला, जळगावला, नांदेडला हे होणार नाही असे कोण म्हणेल? आपल्या भागातले साखर कारखाने, पतसंस्था, दूध संघ, दवाखाने ह्यांच्या अडचणी ज्याला ठाऊक आहेत, त्याच्यापाशी अमेरिकेतल्या माणसाजवळ नसलेले ज्ञान आहे. मात्र दहा वर्षे कळ काढण्याची तयारी ठेवा. एकाच गिऱ्हाइकाच्या दावणीला बांधून घेऊ नका. कामाची रीत लिहून ठेवा. आणि पहिला माणूस नोकरीवर घ्याल त्याच दिवशी ठरवा, की धंदा वाढला तर त्याच्या ताटात काय वाढावयाचे. हे उशिरा ठरविणाऱ्याची चांगली माणसे आधी जातात. मग त्याला आमच्यासारख्यांशी बोलणी करावी लागतात, आणि ती त्याला महाग पडतात!

दहा हजार रुपयांतून तीन लाखांचे पोट चालावे ही लहान गोष्ट नव्हे. ज्यांनी ती घडविली त्यांना आम्ही मानतो. पण दहा हजारांचा आकडा पाठ असलेल्या ह्या देशाने त्या तीन लाखांचीही मोजदाद ठेवावी, एवढे मागून, आम्ही आमचे भाषण पुरे करतो.